कौन्सिलला आधी विचारावं का? रेडिंगच्या सूनबाईंना उत्तर

पत्र

आमचं इंग्लंडमध्ये रेडिंगला १९३०च्या दशकातलं सेमी-डिटॅच्ड, म्हणजे एका बाजूने शेजाऱ्याला जोडलेलं घर आहे. झोपायच्या तिन्ही खोल्या वर. सासू-सासरे दरवर्षी साताऱ्याहून येतात, सहा महिने राहतात. सासऱ्यांचे गुडघे गेलेत. ते जिना उतरायला लागले की मी स्वयंपाकघरातून हातातलं टाकून धावते. म्हणून मागच्या बाजूला खाली एक खोली काढायची आहे. त्यात बाथरूम, सासूबाईंसाठी छोटा ओटा आणि देवघर. मागे आधीच्या मालकांनी केलेली २ मीटरची काचेची खोली, कॉन्झर्वेटरी, आहे, ती तशीच आत घेऊन तिच्यापुढे ५ मीटर बांधू. शिवाय बाजूचं गॅरेज पाडून तिथे दुमजली बांधकाम, वर मुलांसाठी खोली. नणंदेचे यजमान पुण्यात आर्किटेक्ट आहेत, त्यांनी सगळे नकाशे काढून दिलेत. कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, वेबसाइटवर अर्जाआधी फी भरून सल्ला घ्यायची सोय दिसते. बिल्डर म्हणतो, पैसे वाया जातील. शेजारी म्हणतो, विचारूच नका, चार वर्षं कुणी काही बोललं नाही की बांधकाम पक्कं. नवरा म्हणतो, विचारायला जाणं म्हणजे 'नाही' म्हणायची संधी देणं. मी कुणाचं ऐकू?

— एक सून, रेडिंग

उत्तर

ताई, शेजाऱ्याचं आधी निकालात काढू, कारण तिघांमध्ये तोच सल्ला तुम्हाला सगळ्यात महागात पडेल. चार वर्षांचा नियम इंग्लंडमध्ये खरंच होता. विनापरवाना बांधकाम पूर्ण होऊन चार वर्षं उलटली की कौन्सिलला कारवाई करता येत नसे. पण २५ एप्रिल २०२४ पासून ती मुदत १० वर्षं झाली. त्या तारखेआधी ज्यांचं काम जवळजवळ पूर्ण झालं होतं, त्यांनाच जुना हिशोब लागू. तुमचा शेजारी कदाचित स्वतःच्या घराबद्दल खरं बोलत असेल, तुमच्या घराबद्दल मात्र नाही. आणि दहा वर्षं श्वास रोखून बसायचं म्हटलं, तरी त्याआधी घर विकायची वेळ आली तर? घेणाऱ्याचा वकील, म्हणजे सॉलिसिटर, पहिल्याच पत्रात परवानगीचा कागद मागतो.

हे मी पुस्तकातलं सांगत नाही. इथे आल्यावर आम्ही घेतलेलं पहिलं घर १९८०च्या दशकातल्या एका वसाहतीत होतं. मागे ३ मीटर वाढवायला परवानगी लागत नाही, हे मला पाठ होतं. दुसऱ्यांची ड्रॉइंग काढून तर मी पोट भरत होतो! बांधलं स्वयंपाकघर. सहा वर्षं त्यात पुरणपोळ्या झाल्या. घर विकायला काढलं तेव्हा समोरच्या सॉलिसिटरने वसाहतीची मूळ परवानगी उकरून काढली. तिच्यात एक अट होती: या घरांना बिनपरवानगी वाढवण्याचे हक्क राहणार नाहीत. एका ओळीची अट. चार वर्षं उलटली होती, पण घेणाऱ्याला कागद हवा होता. मग बांधून झालेल्या कामासाठी मागाहून अर्ज केला, दोन महिने वाट पाहिली, तेवढ्यात घेणारा निघून गेला. कौन्सिलच्या काउंटरवर आधी एक प्रश्न विचारला असता तर हे टळलं असतं, आणि त्या काळी आमच्या कौन्सिलला तो फुकट विचारता येत होता. बायको अजूनही हा विषय जेवताना काढते, साधारणपणे पाहुण्यांसमोर.

आता तुमच्या यजमानांची भीती. ती मला समजते, कारण ती आपल्या मुलखातली आहे. महाराष्ट्रात बांधकाम परवानगी म्हणजे मुख्यतः आकड्यांचा मामला. २०२०ची एकत्रित नियमावली उघडायची, प्लॉट मोजायचा, एफएसआय (प्लॉटवर किती बांधता येतं ते) काढायचा, सामासिक अंतरं (चारी बाजूंची मोकळी जागा) सोडायची. आकडे बसले की परवानगी मिळायला हवी. अडवणूक झाली तर ती कागदाबाहेरच्या कारणाने. म्हणून तिथला शहाणा माणूस ऑफिसात जितका कमी जाईल तितका सुखी. इंग्लंडमध्ये गाडी दुसऱ्या रुळावर आहे. घराला एफएसआय नावाची गोष्टच नाही. एका मर्यादेपर्यंतचं बांधकाम कायद्यानेच मोकळं ठेवलंय, त्याला परमिटेड डेव्हलपमेंट म्हणतात. त्या मर्यादेपलीकडे गेलात की तुमचा अर्ज कौन्सिलच्या स्थानिक आराखड्यातल्या धोरणांवर घासून पाहतात, आणि ती धोरणं बहुतेक शब्दांत असतात. 'मूळ घराला दुय्यम वाटेल असं', 'रस्त्याच्या स्वरूपाला साजेसं', 'शेजाऱ्याच्या उजेडावर गैरवाजवी परिणाम न करणारं'. गैरवाजवी म्हणजे किती, हे कुठल्याही तक्त्यात नाही. ते प्लॅनिंग ऑफिसरच्या नजरेत आहे. निर्णय नजरेवर असेल तर ती नजर आधी समजून घेण्यात कमीपणा कसला? तुम्ही विचारलं नाही म्हणून अधिकाऱ्याचं मत बदलत नाही, फक्त ते तुम्हाला आठ आठवड्यांनी, नकाराच्या पत्रात कळतं.

आणि तो नकार आता पूर्वीसारखा स्वस्त राहिलेला नाही. ६ डिसेंबर २०२३ पर्यंत अर्ज नाकारला गेला किंवा मागे घेतला, तर वर्षभरात एकदा सुधारून फुकट पुन्हा करता यायचा. माझ्या धंद्यातले अर्धे लोक पहिला अर्जच चौकशी म्हणून टाकायचे, मीही टाकलेत. ती सवलत गेली. त्यावर २०२५च्या १ एप्रिलला घरमालकांच्या अर्जाची फी २५८ पौंडांवरून ५२८ झाली, आणि आता ती दर एप्रिलला महागाईप्रमाणे हलते. त्यामुळे तुमच्या बिल्डरचं म्हणणं ज्या काळात बरोबर होतं, तो काळ संपला.

पण बिल्डर अगदीच चुकीचा नाही, हेही सांगतो. हा अर्जाआधीचा सल्ला, इथे सगळे त्याला प्री-ॲप म्हणतात, कौन्सिलने द्यायलाच हवा असं बंधन नाही. २००३च्या एका कायद्याने त्यांना खर्चापुरती फी घ्यायची मुभा दिली, तेव्हापासून प्रत्येकाचं दुकान वेगळं. कुणी फक्त लेखी उत्तर देतं, कुणी जास्त पैसे घेऊन जागेवर येतं, कुणी घराच्या छोट्या बांधकामांसाठी ही सोयच ठेवत नाही. उत्तराला कायद्याची मुदत नाही. महिना-दीड महिना सहज जातो. आलेलं उत्तर कौन्सिलवर बंधनकारक नसतं. पत्र लिहिणारा अधिकारी नोकरी सोडून गेला आणि नव्याला छप्पर आवडलं नाही, असंही होतं. शिवाय या टप्प्यावर सहसा शेजाऱ्यांना कुणी विचारत नाही, त्यामुळे त्यांची हरकत पुढे अर्जाच्या वेळी पहिल्यांदा समोर येते. हे सगळं माहीत असूनही मी तुम्हाला 'घ्या' म्हणतोय, पण अर्ध्याच कामासाठी.

तुमची दोन कामं वेगळी करा. मागची खोली आणि बाजूचं दुमजली बांधकाम ही एकाच नकाशावर असली तरी कायद्याच्या लेखी वेगळ्या जातीची आहेत.

मागच्या खोलीपासून सुरुवात करू. आधी तुमच्या आर्किटेक्ट भावोजींची, नणंदेच्या यजमानांची, एक चूक. त्यांनी ५ मीटर मोजलेत ते कॉन्झर्वेटरीच्या टोकापासून. इथे मोजतात मूळ घराच्या मागच्या भिंतीपासून, आणि मूळ घर म्हणजे १ जुलै १९४८ रोजी जसं उभं होतं तसं (त्यानंतरचं असेल तर बांधलं तेव्हाचं). आधीच्या मालकांची कॉन्झर्वेटरी त्यात धरत नाहीत. तिचे २ मीटर तुमच्या खात्यावर पडतात. म्हणजे तुमची खोली ५ नाही, ७ मीटरची आहे. सेमी-डिटॅच्ड घराला एकमजली वाढ ३ मीटरपर्यंत मोकळी. शेजाऱ्यांना विचारण्याची एक छोटी प्रक्रिया केली तर ६ मीटरपर्यंत. ७ म्हटलं की दोन्ही दारं बंद आणि पूर्ण परवानगीची रांग. पुण्यात बसून हे कळणं शक्य नव्हतं, त्यांना दोष देऊ नका.

कॉन्झर्वेटरी पाडा. अशा काचेच्या खोल्या हिवाळ्यात फ्रिज आणि उन्हाळ्यात भट्टी असतात. सासऱ्यांना तिच्यातून खोलीत जायला लावणं तसंही बरं नाही. मूळ भिंतीपासून ५ मीटर घ्या, रुंदी मूळ घराच्या रुंदीतच ठेवा, गॅरेजमागे वळवू नका. वळवलीत की ती बाजूचीही वाढ ठरते आणि सगळा हिशोब बदलतो. उंची ४ मीटरच्या आत, आणि कुंपणापासून २ मीटरच्या आत बांधत असाल तर छपराची खालची कड ३ मीटरच्या आत. यासाठी जो अर्ज करायचा त्याला प्रायर ॲप्रूव्हल म्हणतात. फी पूर्ण अर्जाच्या निम्म्याहून कमी. कौन्सिल लगतच्या शेजाऱ्यांना पत्रं पाठवते, २१ दिवस देते. कुणी हरकत घेतली नाही तर अधिकारी तुमच्या खोलीचं रूप-रंग तपासत बसत नाही. घेतली तर शेजाऱ्यांच्या उजेडावर आणि राहण्यावर काय परिणाम होतो एवढंच पाहतो. ४२ दिवसांत निकाल. निकालाआधी कुदळ मारायची नाही, एवढं बिल्डरला बजावा.

या खोलीसाठी प्री-ॲपचे पैसे भरू नका. इथे अधिकाऱ्याच्या मताला जागाच थोडी आहे, मग मत विकत कशाला घ्यायचं? फक्त एक खात्री करून घ्या, ती मी केली नव्हती: तुमच्या घराचे हे हक्क शाबूत आहेत ना. जपणुकीच्या भागात, म्हणजे कॉन्झर्व्हेशन एरियात, ६ मीटरची सवलत नसते. काही गल्ल्यांवर आर्टिकल ४ नावाचा आदेश काढून हक्क काढून घेतलेले असतात. दोन्ही गोष्टी कौन्सिलच्या नकाशावर फुकट दिसतात. आणि ३ मीटरवर भागत असेल तर बांधण्याआधी कायदेशीरपणाचा दाखला घ्या. त्याला पूर्ण अर्जाच्या निम्मी फी पडते, पण उद्या सॉलिसिटरच्या तोंडावर ठेवायला कागद असतो.

ओट्याबद्दल नीट ऐका. तुम्हाला तो सासूबाईंच्या चहापुरता, उपासाच्या खिचडीपुरता हवाय. नकाशात मात्र काय दिसतं? वेगळी खोली, वेगळं बाथरूम, वेगळी मोरी, आणि भावोजींनी बागेकडून दिलेलं वेगळं दार. इंग्रज अधिकारी या चार गोष्टी एकत्र बघून एकच निष्कर्ष काढतो: घराच्या मागे दुसरं घर होतंय, उद्या भाड्याने जाणार. 'सासूबाईंना आमच्या फ्रायपॅनमध्ये अंडं झालेलं चालत नाही' हे त्याच्या धोरणात बसत नाही. मग करायचं काय? खोलीत यायचा मुख्य रस्ता घराच्या आतून ठेवा. बागेचं दार असू द्या, पण ते बागेचं दार दिसू दे, घराचं नको. ओट्याला सिंक आणि किटलीची जागा पुरे. शेगडी, चिमणी, पूर्ण कपाटं नकाशात दाखवू नका आणि करूही नका. अर्जासोबत दोन ओळी लिहा की खोली कुटुंबातल्या वृद्धांसाठी आहे, घराचाच भाग म्हणून वापरली जाईल. देवघराला कुणाची हरकत नसते. नकाशात मी नेहमी 'कपाट' लिहितो.

आता बाजूचं दुमजली. इथे प्री-ॲप घ्याच, कारण इथे सगळं मतावर आहे. बाजूची दुमजली वाढ मोकळ्या हक्कात कधीच बसत नाही. आणि सेमी-डिटॅच्ड घरांच्या रस्त्यावर अधिकाऱ्यांच्या पोटात एक भीती असते: एकाने बाजू भरली, पलीकडच्याने भरली, की मधली फट जाते आणि जोडघरांची चाळ झाल्यासारखी दिसते. म्हणून बऱ्याच कौन्सिलांच्या मार्गदर्शिकेत असतं की वरचा मजला पुढच्या भिंतीपासून थोडा मागे घ्या, छपराचा कणा मूळ छपरापेक्षा खाली ठेवा, कुंपणापासून साधारण मीटरभर जागा सोडा. भावोजींनी भिंत कुंपणाला चिकटवली आहे आणि छप्पर सरळ ओढून नेलंय. पुण्यात इंच-इंच वापरायचा संस्कार असतो, तो त्यांच्या रेघेत उतरलाय. हे असंच पाठवलंत तर नकाराचं पत्र मी आजच लिहून देऊ शकतो.

फी भरायच्या आधी मात्र एक संध्याकाळ कौन्सिलच्या प्लॅनिंग रजिस्टरवर घाला. ते ऑनलाइन आणि फुकट आहे. तुमच्या रस्त्याचं नाव टाका. गेल्या पंधरा-वीस वर्षांत कुणी काय मागितलं, काय मिळालं, सगळं येईल. नकाशे सोडून द्या, ऑफिसरचा अहवाल उघडा. दोन-चार पानांचा असतो, आणि तुमच्यासारख्याच घराबद्दल त्याच खात्याचं मत त्यात साफ लिहिलेलं असतं. नाकारलेले अर्ज मंजूर अर्जांपेक्षा जास्त वाचनीय. दोन-तीन अहवाल वाचले की तुमच्या कौन्सिलला मीटरभर फट हवी आहे की अर्ध्या मीटरवर ती खूश आहे, हे कळेल. कधी कधी एवढ्यानेच सगळं समजतं आणि प्री-ॲपची गरजच उरत नाही. तसं झालं तर ते पैसे वाचवा, मला वाईट वाटणार नाही.

प्री-ॲपला काय पाठवायचं? भावोजींचे अठरा पानी नकाशे नकोत. १:१२५० चा जागेचा नकाशा, त्यावर लाल रेघेत तुमची हद्द, घर आणि लगतची घरं दाखवणारा ब्लॉक प्लॅन, आत्ताचं आणि प्रस्तावित घर, मापं मीटरमध्ये, पुढून-मागून-बाजूने फोटो. हातानं काढलेलं पण मापात असलेलं रेखाटन चालतं, उलट बरं पडतं. पूर्ण रंगवलेला नकाशा पाहिला की अधिकारी समजतो तुम्ही ठरवूनच आलात, मग तोही फक्त हो-नाही करतो.

आणि प्रश्न लिहा. यातच बहुतेक लोकांचे पैसे वाया जातात. 'आम्हाला परवानगी मिळेल का?' असं विचारलं तर उत्तरात धोरणांची यादी आणि 'अंतिम निर्णय अर्जावेळी' एवढंच येणार. त्याऐवजी असं विचारा: वरचा मजला पुढून १ मीटर मागे घेतला तर पुरेसं दुय्यम वाटेल का, की जास्त हवं? खालची भिंत कुंपणाला लागून आणि फक्त वरची मागे घेतलेली चालेल का? गॅरेज गेल्यावर समोर दोन गाड्या लागतात, पार्किंगचं समाधान होतं का? शेजारच्या बाजूच्या खिडकीचा उजेड ४५ अंशांच्या रेघेने मोजता का, आणि ती खिडकी जिन्यावरची असेल तर धरता का? अशा प्रश्नाला अधिकाऱ्याला गोलमोल उत्तर देता येत नाही. दोन पर्याय पाठवायची मुभा असेल तर दोन पाठवा, एक तुम्हाला हवा तो आणि एक तुम्हाला चालेल तो.

उत्तर आलं की ते आपल्या कानाने वाचू नका. 'चिंता वाटते' म्हणजे नाही. 'पाठिंबा मिळण्याची शक्यता कमी' म्हणजे अजिबात नाही. 'तत्त्वतः स्वीकारार्ह, मात्र' असं असेल तर 'मात्र'च्या पुढचं प्रत्येक वाक्य म्हणजे करायच्या कामाची यादी. आपण 'बघू या' म्हणतो तेव्हा समोरच्याला अर्थ बरोबर कळतो ना, तसंच. त्या यादीप्रमाणे नकाशा बदला आणि अर्जासोबत ते पत्र जोडा, वर एक परिच्छेद लिहा की तुम्ही काय सुचवलंत आणि आम्ही काय केलं. आधीच्या अधिकाऱ्याने लिहिलेलं नव्याला सहजासहजी उलटवता येत नाही. बंधन नसलं तरी लाज असते. आणि हे पत्रव्यवहार माहितीच्या कायद्याखाली इतरांना मागता येतात, तेव्हा शेजाऱ्याबद्दल त्यात काही खाजगी लिहू नका.

जागेवर अधिकारी आला तर चहा विचारा, बिस्किट द्या. फराळाचा डबा बरोबर देऊ नका. तो संकोचेल, परत करेल आणि तुम्हाला वाटेल काहीतरी बिनसलं.

डबा न्यायचाच असेल तर जोडभिंतीपलीकडच्या घरी न्या. तुमच्या पत्रात त्या घराबद्दल एक शब्द नाही, आणि मागच्या खोलीचं भवितव्य सगळं तिथेच आहे. कौन्सिलचं पत्र त्यांच्या दारात पडण्याआधी तुम्ही कागद घेऊन जा, खोली कुठवर येणार ते बागेत दोरी लावून दाखवा. भिंतीजवळ पाया खणणार असल्यामुळे १९९६च्या पार्टी वॉल (सामाईक भिंतीच्या) कायद्याची नोटीसही त्यांना बहुधा द्यावी लागेल, खणण्याच्या निदान एक महिना आधी. त्याचा कौन्सिलशी संबंध नाही. बिल्डिंग रेग्युलेशन्सचं, म्हणजे बांधकामाच्या सुरक्षिततेच्या नियमांचं, कामही वेगळंच, परवानगी मिळाली म्हणून ते झालं असं धरू नका.

भावोजींना सांगा, नकाशा पुन्हा काढायचा आहे: कॉन्झर्वेटरी नाही, मूळ भिंतीपासून ५ मीटर, बागेचं दार साधं, वरचा मजला मागे, छप्पर खाली. आणि सासऱ्यांच्या बाथरूमचं दार बाहेर उघडणारं किंवा सरकतं घ्या. ते नकाशात आत उघडतंय. आत माणूस पडला तर बाहेरून ढकलता येत नाही.